पूजेचा मान पहिला, कागदावर नाव नाही

(मराठवाड्याच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मध्य आफ्रिकेत कांगो नदीच्या खोऱ्यात पसरलेले वर्षावन हे ॲमेझॉनच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे. त्या अरण्यात शिकार, मध, कंदमुळे आणि मासे यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण करीत आलेल्या अनेक जमाती आहेत. इतुरीच्या जंगलातील म्बुती, कॅमेरूनमधील बाका, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि कांगो यांच्या सीमेवरील आका, मोठ्या सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशातील बट्वा ही त्यांतील काही नावे. त्यांच्या भाषा वेगळ्या, देवदेवता वेगळ्या, राहणीही सर्वस्वी एकसारखी नाही. तथापि बाहेरच्या जगाने त्या सर्वांना एकच नाव चिकटवले : पिग्मी. हा शब्द मूळचा ग्रीक. कोपरापासून मुठीपर्यंतचे अंतर असा त्याचा अर्थ. माणसाची उंची मोजायची आणि त्या मापालाच त्याचे नाव करून टाकायचे, असा हा प्रकार आहे.

या मोजमापाने एका माणसाचे काय केले ते सांगितले पाहिजे. ओटा बेंगा या कांगोतील तरुणाला १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात ‘दाखविण्यासाठी’ नेण्यात आले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, वानरांच्या घरात, हजारो लोकांच्या गर्दीसमोर त्याला ठेवले गेले. शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी जोरदार निषेध केला तेव्हा त्याची तेथून सुटका झाली. परंतु परत मायदेशी जाणे काही त्याच्या नशिबी आले नाही. १९१६ साली त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

ही हकीगत ऐकून हळहळणे सोपे आहे. किनवटच्या किंवा कन्नडच्या डोंगरात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला मात्र हळहळीचा फारसा उपयोग नाही. ज्या समाजव्यवस्थेने ओटा बेंगाला पिंजऱ्यात उभे केले, तिने त्याच वेळी त्याच्या अरण्याचे काय केले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. त्याचे उत्तर शोधू गेल्यास कांगोचे खोरे आणि पैनगंगेचे खोरे एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

‘रिकामी’ जमीन

१८८५ साली बेल्जमचा राजा लिओपोल्ड याने कांगोवर आपली खाजगी सत्ता प्रस्थापित केली, आणि त्याच वर्षी एक फर्मान काढले. ज्या जमिनीवर कोणाचा कायम वावर दिसत नाही ती रिकामी समजावी आणि रिकामी जमीन सरकारची, असा त्याचा आशय. या एका वाक्याच्या आधारे युरोपातील कंपन्यांना रबराच्या आणि हस्तिदंताच्या मक्तेदाऱ्या वाटण्यात आल्या, आणि पुढे जो अनन्वित जुलूम झाला तो इतिहासात नमूद आहे. ज्याचे शेत आहे त्याला आपले शेत दाखविता तरी येते. परंतु जो अरण्यात ऋतुमानाप्रमाणे मुक्काम हलवितो, कोणत्या झाडावर केव्हा मध धरतो हे ज्याला तोंडपाठ असते, ज्याच्या शिकारीच्या वाटा शेजारच्या टोळीलाही मान्य असतात, त्याने दाखवायचे काय? त्याने जंगल राखले म्हणूनच ते ‘रिकामे’ दिसले. तोडले असते तर मालकी सिद्ध झाली असती.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हीच युक्ती अधिक कायदेशीर भाषेत वापरली. १८७८ च्या वनकायद्यापूर्वी वनखात्याच्या अधिकाऱ्यांतच वाद झाला होता. डिट्रिच ब्रँडिस हे रयतेच्या वहिवाटीला काही स्थान असावे या मताचे होते. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की, लोक जंगलातून जे नेतात ती सरकारने दिलेली सवलत होय, तो हक्क नव्हे. शेवटी बेडन-पॉवेल यांची सरशी झाली. हक्क आणि सवलत यांतील हा फरक आजही वनरक्षकाच्या तोंडी जिवंत आहे. हक्क परत मागता येतो, सवलत मात्र देणाऱ्याच्या मर्जीने केव्हाही काढून घेतली जाते.

आफ्रिकेतील वसाहती गेल्या, राष्ट्रे स्वतंत्र झाली. परंतु रिकाम्या जमिनीचा सिद्धांत नव्या सरकारांनी जसाच्या तसा वारसाहक्काने घेतला. पूर्व कांगोत १९७० साली काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७५ मध्ये त्याचा मोठा विस्तार झाला, आणि गोरिलांच्या रक्षणाच्या नावाने बट्वा लोकांना तेथून हुसकावण्यात आले. युगांडात १९९१ साली ब्विंडी आणि म्गाहिंगा ही उद्याने झाली, तेथेही तेच घडले. गोरिला पाहण्यासाठी परदेशी प्रवासी भरमसाट शुल्क भरतात. त्या अरण्यातील माणूस मात्र उद्यानाच्या कडेला दुसऱ्याच्या बांधावर भूमिहीन होऊन पडला. ऑगस्ट २०२१ मध्ये युगांडाच्या घटना न्यायालयाने बट्वांना अन्यायाने बाहेर काढल्याचे मान्य केले. काहुझी-बिएगाच्या प्रकरणात आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने कांगो सरकारला दोषी ठरविल्याचा निर्णय २०२४ च्या जुलैत प्रसिद्ध झाला. निकाल हाती पडणे आणि जमीन हाती पडणे यांत किती अंतर असते, हे महाराष्ट्रातील आदिवासींना निराळे सांगण्याचे कारण नाही.

या जमाती जगापासून तुटून एकाकी राहतात ही समजूतही चुकीची आहे. शेजारच्या शेतकरी गावांशी त्यांचे शतकानुशतकांचे देणेघेणे आहे. त्यांनी मांस, मध, वनस्पती आणि श्रम द्यायचे; गावाने लोखंड, केळी, कसावा द्यायचा. हे देणेघेणे बरोबरीचे मात्र राहिलेले नाही. अनेक ठिकाणी गावचा शेतकरी त्यांना ‘आमचे पिग्मी’ म्हणतो, कर्जाच्या पोटी शेतात राबवितो आणि आपल्या पंगतीला बसवीत नाही. आणि तरीही त्याच शेतकऱ्यांच्या दंतकथांत या अरण्याचे पहिले रहिवासी हेच लोक असल्याचे सांगितले जाते. वाट त्यांनीच दाखविली, अरण्यातील शक्तींशी बोलणे त्यांनाच जमते, असे मानले जाते. मान पहिला आणि स्थान शेवटचे अशी ही स्थिती आहे. मराठवाड्यात तिचे हुबेहूब प्रतिरूप आढळते.

एका घाटाचे नाव

या शहरातून धुळ्याकडे जाणारा रस्ता कन्नडच्या पुढे सातमाळ्याच्या डोंगरातून चाळीसगावाकडे उतरतो. त्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खानदेशातील भिल्लांनी इंग्रजांशी वर्षानुवर्षे झुंज दिली. डोंगरातील वाटा राखण्याचे आणि त्याबद्दल गावांकडून हक्क घेण्याचे त्यांचे जुने काम नव्या अंमलाने मानले नाही. त्यांना सरसकट लुटारू ठरविले. फौजा पाठवून काम भागेना तेव्हा १८२५ च्या सुमारास भिल्ल एजन्सी स्थापन करण्यात आल्या. त्यांपैकी दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नडला होते. जेम्स आउट्रम या तरुण लष्करी अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली आणि डोंगरातील भिल्लांवर डोंगरातील भिल्ल पहारेकरी नेमले. घाटाला नाव त्याचे राहिले.

ज्यांच्या डोंगरातून हा घाट उतरतो, त्या भिल्लांच्या एकाही नाईकाचे नाव या घाटावर नाही. १९८६ साली कन्नड आणि चाळीसगावच्या बाजूचे सुमारे २६० चौरस किलोमीटर जंगल ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ म्हणून जाहीर झाले, तेव्हा साहेबाचे नाव पुन्हा एकदा सरकारी राजपत्रात चढले. कन्नड, सोयगाव, सिल्लोड या पट्ट्यातील भिल्ल आणि ठाकर कुटुंबे आज बव्हंशी शेतमजुरी करतात. हंगाम संपला की ऊसतोडीला किंवा शहरात बांधकामावर जातात. ज्यांना एका राजवटीने चोर म्हटले, दुसऱ्या टप्प्यात शिपाई केले, त्यांना आता सरपणाच्या मोळीसाठी अतिक्रमक म्हटले जाते. दोनशे वर्षांत नावे तीन मिळाली, जमिनीचा तुकडा मात्र बहुतेकांना मिळाला नाही.

कोलामांची वहिवाट

मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूरच्या सागवानी डोंगरात कोलाम राहतात. त्यांची मोठी वस्ती पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात. चंद्रपूर, वर्धा आणि तेलंगणातील आदिलाबाद भागातही ते आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कोलामांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला ‘कोलावर’ म्हणवितात. ती भाषा द्राविड कुळातील आहे. निजामी राजवटीत आदिलाबाद भागात अधिकारी म्हणून काम केलेले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी कोलामीचे व्याकरण लिहिले. ते १९५० साली हैदराबादेत प्रसिद्ध झाले. यवतमाळकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, आदिलाबादकडे गुडा. पोडात चावडी असते. तेथे नाईक, महाजन, कारभारी बसतात आणि तंटा तेथेच मिटतो.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या व नंतर राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. म्हणून कोलामांचा इतिहास वाचायचा तर आदिलाबादचा इतिहास वाचावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकारने तेथील जंगले राखीव करण्याचा सपाटा लावला. सरहद्दीच्या रेषा आखताना ज्याच्याकडे पट्टा होता त्याची शेती रेषेबाहेर सोडण्यात आली. कोलामांची शेती डोंगरउतारावरची, कुदळीची आणि टोकदार काठीची. झुडपे तोडून, जाळून, राखेत ज्वारी-बाजरी टोकायची. दोन-तीन वर्षांनी ती जागा विसाव्याला सोडायची आणि दुसरीकडे जायचे. जी जागा विसाव्याला सोडली ती साहजिकच सर्वेक्षकाला ओसाड दिसली. तिच्यावरून रेषा गेली, आणि एका पावसाळ्यात कोलाम स्वतःच्या डोंगरावर गुन्हेगार ठरला. पुष्कळ कोलाम कुटुंबे खाली मैदानात उतरली, कोणाची कुळे झाली, कोणाचे सालगडी. त्याच सुमारास सपाट, काळ्या जमिनीचे पट्टे बाहेरून आलेले सावकार आणि मोठे शेतकरी करून घेत होते.

या दडपशाहीविरुद्ध कुमरम भीम या गोंड तरुणाच्या नेतृत्वाखाली जोडेघाटच्या डोंगरात उठाव झाला. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे साथीदार मारले गेले. उठावाने निजाम सरकार हादरले आणि मग कारणे शोधण्याची गरज भासली. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांनी त्या काळात आदिलाबादेत राहून गोंड व कोलामांचा अभ्यास केला आणि जमिनीच्या प्रश्नावर सरकारला स्पष्ट अहवाल दिले. त्यानंतर चाळीसच्या दशकात सुमारे अकरा हजार आदिवासींना दीड लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे देण्यात आले. हे काम मोठे होते, आणि ते गोळ्या झेलणाऱ्यांमुळे झाले हे विसरता येत नाही. परंतु पट्टा ही व्यवस्थाच मुळी नांगराच्या शेतीला धरून आखलेली. बैल आणि नांगर असणाऱ्याला ती मानवली. कुदळ घेऊन डोंगरावर फिरणाऱ्याला तीत जागा मिळवायची तर आधी आपली शेतीच बदलावी लागणार होती.

याच डोंगरात आणखी एक व्यवस्था होती आणि तिच्यात कोलामांचे स्थान निराळे होते. आदिलाबादचे गोंड कोलामांना ‘पुजारी’ म्हणतात. गोंड संख्येने जास्त, त्यांच्यात राजे होऊन गेले, त्यांच्याकडे बैलजोड्या. तरी पुष्कळ गावांत स्थानिक देवांची पूजा करण्यास कोलामच बोलवावा लागतो. कारण या भूमीवर आधी आले ते कोलाम, या डोंगराच्या देवांशी ओळख त्यांची, असे गोंडही मानतात. पूजेचा हा मान म्हणजे लोकांनी दिलेला वहिवाटीचा दाखलाच नव्हे काय? शेजाऱ्याने शपथेवर दिलेली साक्ष कोणत्याही दिवाणी न्यायालयात पुरावा ठरते. इथे एक अख्खी जमात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या जमातीच्या बाजूने साक्ष देत आली, आणि महसूल खात्याने ती कधी नोंदवून घेतली नाही.

मापाचे नवे नाव

स्वतंत्र भारताने कोलामांना कोणते नाव दिले? १९७५ साली केंद्र सरकारने ५२ जमातींना ‘आदिम’ म्हणून वेगळे काढले. १९९३ मध्ये आणखी २३ जोडून ही संख्या ७५ झाली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती या यादीत आहेत. शेतीपूर्व अवस्थेतील साधने, अत्यल्प साक्षरता, वाढ खुंटलेली किंवा घटती लोकसंख्या या यादीतील कसोट्या. पुढे ‘आदिम’ हा शब्द टाकून ‘विशेष असुरक्षित’ असे म्हणण्यात येऊ लागले. आफ्रिकेतही नावाचा खल झाला आहे. कांगो प्रजासत्ताकाने २०११ च्या कायद्याने ‘पिग्मी’ हा शब्द अपमानास्पद म्हणून वापरण्यास मनाई केली. शेजारच्या लोकशाही कांगोने २०२२ मध्ये संरक्षणाचा कायदा केला तो त्याच शब्दासह.

नाव बदलणे चांगले. परंतु कसोट्यांकडे लक्ष दिले तर दिसते की प्रत्येक कसोटी माणसाचे माप घेते. त्याच्याकडून काय हिरावले गेले याचे माप एकही घेत नाही. कोलाम साक्षर नाही हे यादीत येते, त्याचा डोंगर कोणत्या साली कोणत्या आदेशाने गेला हे येत नाही. साहजिकच उपायही मापाप्रमाणे निघतात. शेळ्या, शिलाई यंत्रे, घरकुले. २०२३ च्या नोव्हेंबरात या ७५ जमातींसाठी केंद्राने घरे, रस्ते, पाणी, वीज, फिरते दवाखाने यांवर भर देणारी मोठी योजना जाहीर केली. या गोष्टी मिळाल्याच पाहिजेत. पोडावर रस्ता नसल्याने बाळंतिणीला खाटेवरून न्यावे लागू नये, हे कोण नाकारील? परंतु मजबूत रस्ता झाला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे जंगल परकेच राहिले, तर त्या रस्त्याने कोलाम मजुरीलाच जाईल.

कागदाची लढाई

कायद्याची कहाणी पुराव्याभोवती फिरते. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळविण्याचा हा मार्ग होता. त्याचा फायदा ज्याच्या नावे कधी सातबारा होता त्याला. ज्याच्या नावे सातबाराच चढला नाही, त्याची जमीन कायद्याच्या दृष्टीने गेलीच नव्हती. जंगलातील शेतीसाठी राज्य सरकारने १९७८ मध्ये अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. तेथेही पुरावा मागितला गेला तो दंडाच्या पावतीचा. वनरक्षकाने पावती न देताच कोंबडी आणि पैसे नेले असतील तर माणूस हरला. ठाणे जिल्ह्यातील कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९९५ साली कागदाखेरीज अन्य पुराव्यांचाही विचार करावा अशी दिशा मिळाली. तरीही मे २००२ मध्ये केंद्रीय वन मंत्रालयाने त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर सर्व अतिक्रमणे हटविण्याचे फर्मान काढलेच.

देशभरच्या संघर्षानंतर डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे शब्द त्याच्या प्रास्ताविकात आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीची कसवणूक मान्य करताना पुरावा म्हणून घराचे जोते, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदविलेला जबाब हे सारे चालते. जमिनीच्या वैयक्तिक तुकड्याबरोबरच गावाच्या सामूहिक वनहक्काची तरतूद त्यात आहे. आणि आदिम म्हणून गणलेल्या जमातींसाठी एक स्वतंत्र हक्क आहे : वसतिस्थानाचा. ज्या डोंगरदऱ्यांत जमातीचे जगणे, देव, वाटा आणि मृतांच्या जागा पसरलेल्या आहेत तो सगळा प्रदेश तिचा अधिवास म्हणून मान्य होऊ शकतो. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर अशा जमातींना हा हक्क मिळेल हे पाहण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीवर टाकली. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात बैगांना असा हक्क मिळाला आहे.

कायदा झाला म्हणून धोका टळला नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ उठल्यावर त्याच महिन्याच्या २८ तारखेस तो स्थगित झाला. त्याच वर्षी जूनमध्ये तेलंगणात कागजनगर परिसरातील एका कोलाम वस्तीला वनखात्याने उठवून लाकडाच्या डेपोत नेऊन ठेवले. उच्च न्यायालयात धाव घेतल्यावरच त्यांच्या निवाऱ्याचा व जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या हजारो आदिवासी शेतकऱ्यांच्या रक्ताळलेल्या तळव्यांमागे मुख्य मागणी होती ती याच दाव्यांची.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप जंगल वाचविणाऱ्यांचा. हक्क दिले की जंगल संपेल, असे ते म्हणतात. कांगोत रबर, हस्तिदंत आणि इमारती लाकूड कोणी नेले? किनवटचा साग कोणत्या कोलामाने रेल्वेत भरला? जंगल संपविले ते ठेकेदाराने आणि त्याला परवाने देणाऱ्यांनी. उलट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळविला, २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेतला आणि ग्रामसभेच्या निर्णयाने जंगल राखूनही उत्पन्न काढता येते हे दाखवून दिले.

दुसरा आक्षेप पुरोगामी म्हणविणाऱ्यांत पुष्कळदा ऐकू येतो. शिकार, फिरती शेती, मग नांगर, मग कारखाना या समाजविकासाच्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवरच्या माणसाला वर ओढणे हेच पुरोगामित्व, त्याला जंगलात ठेवणे म्हणजे त्याचे संग्रहालय करणे. या म्हणण्यात एक भाग खरा आहे. कोलाम आज बहुसंख्येने नांगर धरतो, कापूस लावतो, मुलांना आश्रमशाळेत घालतो. कुदळीच्या शेतीकडे त्याने परत जावे असे कोणीही म्हणत नाही. परंतु ‘वर’ ओढताना त्याच्या पायाखालची जमीन कोणाकडे गेली हे न विचारणारी पायऱ्यांची भाषा सावकाराच्या सोयीची ठरते. वर चढलेला कोलाम कापसाच्या शेतात सालगडी म्हणून पोचला, तर त्या चढण्याला विकास म्हणता येत नाही. हक्क आधी, त्या हक्काचा उपयोग जंगल राखण्यास करायचा की शेती सुधारण्यास, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कार्यकर्त्यापुढचे काम

येथे एका अवघड गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. कायद्याने दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो, आणि ग्रामसभा म्हणजे एकजिनसी कुटुंब नव्हे. किनवट-माहूरच्या गावांत आंध, गोंड, बंजारा, इतर शेतकरी आणि कोलाम एकत्र राहतात. पोड बहुधा गावापासून दूर, मतांनी थोडे, बोलण्यात मागे. ज्याप्रमाणे इतुरीत शेतकरी गाव अरण्यातील माणसाच्या वतीने बोलते, त्याचप्रमाणे येथे मोठे गाव पोडाच्या वतीने बोलते, आणि वनहक्क समितीत कोलामाचा अंगठा शेवटच्या रकान्यात उमटतो. दोन्ही गरीब आहेत म्हणून दोघांचे हितसंबंध एकच, असे मानणाऱ्या कार्यकर्त्याने पोडावर एक रात्र मुक्काम करून पाहावा.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे किनवट-माहूरच्या यादीतील गावांत, पेसा कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनी स्वतंत्र वस्तीला आपले गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट दिली आहे. पोडाची स्वतःची ग्रामसभा झाली की निम्मे निर्णय मोकळे होतील. कन्नड-सोयगाव हा भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. परंतु वनहक्क कायदा सर्व वनजमिनीला लागू आहे, अभयारण्यालाही, आणि दाव्यांची प्रक्रिया पूर्ण झाल्याखेरीज कोणाला उठविता येत नाही, हे तेथील भिल्ल व ठाकर वस्त्यांत जाऊन सांगणारे फारच थोडे आहेत. ग्रामसभेला सदस्यांची निम्मी उपस्थिती लागते, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. दावा फेटाळला तर कारण लेखी मिळाले पाहिजे, आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते. मुदत टळून गेलेले दावे आंदोलनाच्या घोषणांनी परत येत नाहीत.

याखेरीज एक काम आहे त्याला ना मोर्चा लागतो ना व्यासपीठ. पोडावरचे वृद्ध झपाट्याने जात आहेत. कोणत्या टेकडीवर कोणाच्या आजोबांची कुदळ चालली, कोणत्या झऱ्याशी कोणता देव, कोणत्या वाटेने मध आणायला जात, गावचा पुजारी म्हणून कोणाला कोठून बोलावणे येई, हे सारे त्यांच्या तोंडी आहे. त्यांचा जबाब कोलामी जाणणाऱ्याच्या मदतीने उतरवून घ्यावा, ज्या गोंडांनी पूजेसाठी कोलाम बोलाविला त्यांचीही साक्ष घ्यावी, टेकड्यांचा हातनकाशा काढावा, त्यावर सर्वांच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि एक प्रत पोडातच ठेवावी. कायद्याने हा पुरावा मानला आहे. तो सादर करणारा मात्र कोणीतरी असावा लागतो.

लिओपोल्डचे फर्मान ज्या गृहीतावर उभे होते, ते गृहीत आजही तलाठ्याच्या दप्तरात आणि वनखात्याच्या नकाशात बसून आहे : ज्याने भूमीवर घाव घातला नाही, त्याचा भूमीवर हक्क नाही. हे गृहीत मोडण्यासाठी सरकार बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी किनवटच्या एका पोडाचा वसतिस्थानाचा दावा आणि कन्नडच्या एका भिल्ल वस्तीचा सामूहिक दावा पूर्ण कागदपत्रांनिशी दाखल झाला, तरी या अभ्यासवर्गाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.